आक्काच्या वाटणीचा कापूस

आमच्या वाटणीला पोलाद आलं होतं. बोटभर लांबीची, दोन्ही टोकं वळवलेली काळी पट्टी. तिच्या जोडीचा दगड गेला निमगाव केतकीला, माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाकडं, आणि जळक्या कापसाची नळी गेली जळोचीला, त्या दोघांच्या थोरल्या बहिणीकडं. तिन्ही मिळून आमच्या घराण्याची चकमक. दगडाच्या धारेवर पोलाद घासून मारायचं, ठिणगी उडाली की ती कापसावर झेलायची आणि फुंकून फुंकून विस्तव करायचा, एवढंच तिचं काम. असली वस्तू तीन गावांत वाटून घेणारी माणसं दुनियेत दुसरीकडं कुठं असतील तर मला त्यांना एकदा भेटायचं आहे. मी पुढं आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आग पेटवण्याच्या तऱ्हांवर मिळेल ते वाचत आले. बर्फाळ मुलखातली माणसं हाडाच्या धनुष्याला वादी गुंडाळून लाकूड घुसळतात. पूर्वेकडच्या बेटांवर बांबूच्या नळीत दट्ट्या हाणून आतल्या आत भुसा पेटवतात. कुणी झाडाच्या खोडावरची अळंबी वाळवून ठिणगी झेलायला कमरेला बांधून फिरतात. सगळे शहाणे लोक. वाटणी कुणीच केलेली नाही.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. आबा म्हणजे माझे आजोबा, तात्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ आणि सगळ्यांत थोरली आक्का, ही तिघं मेंढरांमागं पाय झिजवत वाढली. माझ्या जन्माआधीच मेंढरांची खांड विकली, कालव्याचं पाणी आलं, आमच्या गावात, वरकुट्यात, ऊस लागला आणि एका दिवशी पंच बसवून वाटणी झाली. जमीन वाटली, भांडी वाटली, घोंगड्या वाटल्या आणि शेवटी चकमक उरली. ती दोघा भावांनाही हवी होती, कारण देवाची चूल तिच्यावरच पेटायची. आमच्यात वर्षातून एकदा बिरोबाला खपली गव्हाची खीर असते आणि त्या चुलीला काडेपेटी चालत नाही. देवळाच्या आवारात काडेपेटी खिशात घेऊन जाणंसुद्धा चालत नाही. पंचांतल्या एका हुशार माणसानं तोड काढली की एकाला दगड द्या आणि एकाला पोलाद, म्हणजे वर्षातनं एकदा तरी भाऊ-भाऊ एका जागी बसतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की नळी राहिली. आक्का तिथंच भिंतीला टेकून बसली होती, हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा उठवून. लुगडं तिला दिलेलंच होतं, त्या लुगड्यावर नळी ठेवली. "भनीला मोकळ्या हातानं कसं लावायचं," असं आबा तेव्हा म्हणाले म्हणे, आणि ही गोष्ट ते मोठ्या कौतुकानं सांगायचे.

आमचं घर तीन खोल्यांचं, पुढं पत्र्याचा सोपा. सकाळी आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं जाग यायची, त्यामागोमाग आबांचा खोकला आणि मग रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की पत्रा थरथरायचा. रात्रीचं उरलेलं हुलग्याचं माडगं सकाळी भाकरीबरोबर, वर कच्चं तेल आणि लाल मिरचीचा ठेचा. एवढं खाऊन मी शाळेला जायची. गॅस आमच्याकडं आला होता, पण आईचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पाहुणे आले की ती गॅसवर चहा ठेवायची आणि आपला स्वतःचा चुलीवर. काडेपेट्या म्हणाल तर घरात पाच-सहा, प्रत्येक कोनाड्यात एक. कारण आबांना चिलीम लागायची. आबांची पोलादावर निष्ठा एवढी की ते दिवसातून आठ वेळा काडेपेटीनं चिलीम पेटवायचे आणि दर रविवारी आंघोळ करून पोलादाला गोडं तेल चोळायचे. चोळताना कुणी मधे बोललेलं त्यांना खपायचं नाही. मग ते फडक्यात गुंडाळून पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली करगोट्याला.

वाटणी झाल्यावर बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. खिरीच्या दिवशी तात्या एस.टी.नं दगड घेऊन यायचे, आक्का नळी घेऊन यायची. माझी आजी चुलीपाशी बसायची आणि दोघे भाऊ बाजूला बसून पान खात मेंढरांच्या काळातल्या गप्पा मारायचे. मग माझी आजी वारली. त्या वर्षी आक्काचा पाय प्लास्टरमध्ये, तिनं नळी कंडक्टरच्या हाती पाठवलेली. दोघे भाऊ चुलीपुढं बसले, एकानं दगड धरला, दुसऱ्यानं पोलाद मारलं, आणि विस्तव काही होईना. तासभर टकटक चालली. शेवटी तात्या म्हणाले, "पोलाद मेलंय तुजं." आबा म्हणाले, "दगुड मेलाय तुजा." तिथून जे सुरू झालं ते देवाच्याही हाताबाहेर गेलं. तात्यांचं म्हणणं, इस्तू, म्हणजे विस्तव, मुळात दगडाच्या पोटात असतो, पोलाद नुसतं दार वाजवतं. आबांचं म्हणणं, इस्तू पोलादात असतो, दगड काय रस्त्यावर पडलेत ढिगानं. खीर त्या वर्षी झालीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भिजवलेला गहू आईनं कोंबड्यांना घातला आणि दोन सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले. भांडायला लोकांना बांध पुरतो, विहीर पुरते. आमच्या माणसांना ठिणगीचं उगमस्थान लागलं.

या भानगडीत माझं काय अडलं होतं ते आता सांगते. मी दहावीला होते. वर्गातल्या निम्म्या पोरींची लग्नं ठरत आलेली, माझंही बघायचं घाटत होतं, पण मला बारामतीला अकरावी सायन्सला जायचं होतं. बारामतीला लागूनच्या जळोचीला आक्काकडं राहायचं आणि कॉलेज करायचं, असं मी आईच्या मागं लागून लागून ठरवलं होतं. वडिलांचं काय, ते आबांकडं बोट दाखवायचे. आबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं, नवस बोलले. "पोरगी पास झाली तर बिरोबाला खीर घालीन. आन् ती खीर खाल्ल्याबिगर पोरीनं शिकायला म्हनून गावाबाहीर पाऊल टाकायचं न्हाय." बोलताना त्यांना चकमकीची आठवण राहिली नाही, की मी पास होईन असं वाटलं नाही, देव जाणे. मी पास झाले, आणि चांगल्या मार्कांनी झाले. कॉलेजच्या यादीत नाव लागलं आणि शनिवारी दुपारी एकच्या आत कागद नेऊन द्यायचे होते. तो दिवस सोमवार. खिरीला चकमक पाहिजे, चकमकीला तात्यांचा दगड पाहिजे, आणि तात्यांचं नाव काढलं की आबांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरात तेवढी एकच आग काडेपेटीशिवाय पेटत होती.

"आई, एक काडी वड आन् मोकळी हो," मी म्हणाले.

"माज्यानं न्हाय व्हायचं," आई म्हणाली. "देवाला कळायचं ते कळंल, पर तुजा आबा चुलीपशी नाक लावून बसतोय. गंधकाचा वास त्याला शेजारच्या गावात येतो."

मंगळवारी मी हायस्कूलच्या सायन्सच्या सरांकडं गेले. सर एकटेच राहायचे, स्टोव्हवर खिचडी करायचे आणि कुणी काही विचारलं तर त्यांना सण वाटायचा. त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. वर सांगितलेली ती धनुष्यं, ते बांबू, ती अळंबी मी पहिल्यांदा पाहिली ती त्या पुस्तकातल्या चित्रांत. आपल्या यज्ञातली अरणीसुद्धा होती, लाकडावर लाकूड घुसळणारी. सर दोन तास बोलले, खिचडी करपली. मी मधेच विचारलं, "सर, चकमकीतली ठिणगी दगडाची असती का पोलादाची?" सर म्हणाले, "पोलादाची. दगड कठीण असतो, तो पोलादाचा बारीक कीस काढतो, तो कीस तापून हवेत जळतो. शंभर टक्के पोलादाची." म्हणजे आबा बरोबर होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही. आबा बरोबर आहेत हे तात्यांच्या कानावर गेलं तर दगड निमगावच्या बाहेर निघत नव्हता.

म्हणून आधी मी तात्यांना टाळायची खटपट केली. दुपारभर अंगणात बाभळीच्या लाकडावर लाकूड घुसळलं. हाताला फोड आले, लाकूड छान गुळगुळीत झालं, धूर म्हणून निघाला नाही. येणारी जाणारी थांबून चौकशी करायला लागली. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं की पोरीनं लग्नाचं मनाला लावून घेतलंय का. मग मी सरांकडून मागून आणलेलं भिंग काढलं. ऊन कडक होतं, सुक्या गोवरीवर भिंग धरलं आणि मिनिटाभरात गोवरी धुरावली, लाल झाली. मी पळत आबांकडं गेले. आबांनी गोवरी हातात घेतली, चारी बाजूंनी बघितली, वास घेतला. गंधक नव्हतं. मला वाटलं जिंकले.

"ह्यो इस्तू कुनाचा?" आबांनी विचारलं.

"उन्हाचा, आबा. काडी न्हाय लावली."

"म्हंजे सूर्याचा. मग खीर सूर्याला घालायची का बिरोबाला?"

त्यांनी त्याच गोवरीवर चिलीम पेटवून घेतली आणि दोन झुरके मारून वर म्हणाले, "चांगला हाय पर इस्तू." मी कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी निमगावला गेले. शिकायला जायची बंदी होती, दगड आणायला नव्हती, हे मी आबांकडून आधी कबूल करून घेतलं होतं. तात्या पानमळ्यात होते. बाहेर ऊन भाजत असलं तरी पानमळ्यात आत शिरलं की अंगाला गारवा लागतो, पायाखाली ओल, वर वेलींचं छत. तात्या तिथं बाजलं टाकून बसायचे, दिवसभर पान. त्यांना ना बिडी ना चिलीम. म्हणजे आयुष्यात त्यांना स्वतःसाठी कधी विस्तव लागलाच नव्हता, आणि दगडावरून सख्ख्या भावाशी वैर. त्यांनी मला घरात नेऊन देव्हारा दाखवला. देवांच्या मधोमध दगड. तीन वर्षं रोज शेंदूर आणि तेल लावून लावून तो मोसंबीएवढा झाला होता, त्याला आता चांदीचे डोळेही बसवले होते. मी पाया पडले. तीन वर्षांपूर्वी त्याला धार होती एवढं मला आठवत होतं, पण ती कुठल्या बाजूला असावी ते काही कळेना.

"येतो मी," तात्या म्हणाले. "न्हाय म्हनत न्हाय. पर पयलं त्यानं कबूल करायचं, इस्तू दगडात असतो म्हनून."

"आबा म्हनत्यात पयलं तुमी कबूल करायचं."

"मग बसा म्हनावं."

परत जायची एस.टी. चुकत होती आणि माझं डोकं चालेना. तेव्हा तोंडातून जे निघालं त्याचा मला अजून पश्चात्ताप होत नाही. मी म्हणाले, "तात्या, मी आता सायन्सला चालले. सगळं शिकून आले सरांकडनं. तुमी या, आबांच्या म्होरं मला विचारा, मी सांगते इस्तू कुठं असतो त्यो. मंग तर झालं?" तात्यांनी माझ्याकडं बघितलं, देव्हाऱ्यातल्या डोळेवाल्या दगडाकडं बघितलं. त्यांचं आणि दगडाचं एकमत झालेलं दिसलं. "व्हय," ते म्हणाले. "शिकलेलं मानूस खोटं बोलत न्हाय." घरी येऊन आबांनाही तेच सांगितलं. आबा खुशीत हसले. घरचीच पोर, निकाल कुणाकडं लागणार याची त्यांना शंका नव्हती. अशा रीतीनं दोन्ही बाजू शुक्रवारी यायला तयार झाल्या, कारण दोघांनाही खात्री होती की मी त्यांच्याच बाजूनं बोलणार. खरं बोलले तर तात्या दगड उचलून चालते होणार, खोटं बोलले तर आबा पोलाद. कशीही बोलले तरी खीर कच्ची आणि माझं कॉलेज बुडालं.

गुरुवारी जळोचीला आक्काकडं. आक्का तेव्हा सत्तरीची असेल, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत, मेंढरं हाकलेला. तिच्या शेताच्या चारी बाजूंना बंगल्यांचे पाये निघालेले आणि मधे हिचं पत्र्याचं घर, एक म्हैस, चार शेरडं. मी गेले तेव्हा ती परसात बसली होती. जुन्या धोतराची चिंधी तिनं चुलीत धरली, ती चांगली पेटू दिली, काळी पडत आली तशी पितळी नळीत कोंबली आणि वरून झाकण दाबलं. मी विचारलं, हे काय करतीस. म्हणाली, कापूस नवा करते, दर साल करावा लागतो, जुना दमट होतो.

"दर साल? आक्का, तीन वरसं खीरच न्हाय. ती दोघं बोलत न्हाईत. कुनासाठी करतीस?"

"आले कवा तर?" ती म्हणाली. "आन् माजाच कापूस वला निघाला तर? तसं नगं."

मी तिला सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते, दोघांना काय कबूल करून बसले ते. बोलता बोलता मला रडू आलं. आक्कानं काही समजूत घातली नाही. तिनं शेरडाचं दूध काढून मला कोरड्या भाकरीबरोबर प्यायला दिलं आणि माझ्या शेजारी बसून नळी पदरानं पुसत राहिली. नळी लख्ख होती, झाकणावरची नक्षी पुसून पुसून गेलेली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू काय सांगायचं ते सांग. मी कापूस आनते."

शुक्रवारी सकाळी देवळापुढं तीन दगडांची चूल मांडली. आईनं कांडलेला गहू रात्रीच भिजत घातला होता, पातेलं, गूळ, दूध, वाळलेल्या तुराट्या, सगळं तयार. वडील लांब लिंबाखाली उभे राहिले, काहीही झालं तर आपण तिथं नव्हतो असं म्हणता यावं इतक्या लांब. तात्या आले ते पितळी ताम्हनात दगड घेऊन, वर लाल फडकं. एस.टी.त त्यांनी ताम्हनासाठी वेगळं तिकीट काढलं होतं म्हणे. आबा पोलाद फेट्यात खोवून आलेले. दोघे चुलीच्या दोन बाजूंना एकमेकांकडं पाठ करून बसले. आक्का मधे, नळी ओटीत. कुणीच कुणाला या म्हणालं नाही, बसा म्हणालं नाही.

"मंगे," आबा देवळाकडं तोंड करून म्हणाले, "त्या मानसाला सांग. इस्तू कशात असतो?"

"मंगे," तात्या रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "सांग सायन्सचं. चारची गाडी हाय मला."

शंभर टक्के पोलादाची, हे सरांचे शब्द माझ्या कानात होते. मी आबांच्या पाठीकडं बघितलं, तात्यांच्या पाठीकडं बघितलं, आणि मग आक्काच्या ओटीतल्या त्या नळीकडं. सरांच्या पुस्तकातली चित्रं डोळ्यांपुढून गेली. धनुष्याखाली भुसा होता, बांबूच्या तळाशी भुसा होता, दगडाखाली अळंबी होती. काहीतरी झेलणारं सगळीकडं होतं, आणि सर त्याविषयी दोन तासांत एक अक्षर बोलले नव्हते.

"दोन्हीतबी न्हाय," मी म्हणाले. "इस्तू आक्काच्या नळीत असतो."

तीन वर्षांनी दोन्ही भाऊ एकदम वळले आणि एकमेकांकडं बघू लागले. इतका अपमान त्यांचा कुणी केला नव्हता. दोघांपैकी एक बरोबर निघता तर दुसरा चिडला असता, पण हे असं दोघांनाही सोडून तिसऱ्याच्याच पदरात टाकणं त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. "कापसात?" तात्या म्हणाले. "चिंधीत?" आबा म्हणाले. आणि मग आबा चक्क तात्यांना म्हणाले, "ऐकलंस का रं हिचं?" तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य. तात्या म्हणाले, "ह्ये शिकवत्यात का सायन्सला? आबा, नगं पाठवूस पोरीला."

"आसंल इस्तू नळीत, तर पेटीव म्हनावं आक्काला," आबा आता तावात आले होते. "घे आक्का. ह्यो दगुड, ह्ये पोलाद. पेटीव."

"पेटीव," तात्या म्हणाले आणि त्यांनी ताम्हन पुढं सरकवलं.

आक्कानं दोन्ही घेतलं. आम्ही कुणी काही बोलायच्या आत तिनं चुलीशेजारची मूठभर वाळू उचलली आणि पोलादाचं तीन वर्षांचं तेल खसाखसा घासून काढलं. मग दगड घेतला, देवळाच्या पायरीच्या कडेवर दोनदा आपटला. तात्या अर्धवट उठले. शेंदराचं खापर निघून पडलं, चांदीचा एक डोळा घरंगळत तुराट्यांत गेला आणि आतून तो मूळचा दगड निघाला, मोठ्या बोराएवढा, धार असलेला, पिवळट करडा. आक्कानं धार बोटानं चाचपली. दगडाखाली कापूस धरला, अंगठ्यानं दाबला, आणि पोलाद वरून खाली ओढलं. मारलं नाही, ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ठिणगी कापसावर बसली आणि तिथं मोहरीएवढा लाल ठिपका दिसायला लागला. तिनं फुंकर घातली, ठिपका पसरला, वर सुक्या गवताची चिमूट, पुन्हा फुंकर, आणि चूल पेटली. घड्याळ लावलं असतं तर दोन मिनिटं भरली नसती.

"आक्का," आबा कसेबसे म्हणाले, "तुला ह्ये येतंय?"

आक्कानं फुंकणी खाली ठेवली. "मेंढरांच्या वाड्यावर इस्तू कोन करत हुतं? तू? तुमी दोघं मेंढरांमागं. चुलीपशी मी. मी सासरी गेले तशी आईनं केला, आईच्या माघारी तुज्या बायकूनं. तुमी कवा केला?"

आबा आठवत बसले, खरंच आठवत बसले. तात्या खाली वाकून तुराट्यांत डोळा शोधायला लागले. माझी आजी गेली त्या वर्षी खीर का झाली नाही, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पोलाद मेलं नव्हतं आणि दगडही मेला नव्हता. पेटवणारी बाई गेली होती, आणि तीन वर्षं घरातल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं, मला धरून. मला इतकी लाज वाटली की खीर ढवळायचं निमित्त करून मी पातेल्यावर वाकले.

खीर बुडाला लागली, पण झाली. दोघे भाऊ एका पत्रावळीच्या अंतरावर बसून जेवले. तात्यांची चारची गाडी चुकली, आबा म्हणाले मुक्कामाला राहा, तात्या राहिले. एवढं होऊनही निघताना दोघांनी आपापली वाटणी परत घेतली. तात्यांनी दगड ताम्हनात ठेवला, आबांनी पोलाद फेट्यात खोवलं. आक्काला द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आक्का मला हळूच म्हणाली, "न्हेऊ दे. आता कवा पेटवायचं झालं तर दोघं माज्या दारात येत्याल." आणि तसे दोघे भाऊ दरवर्षी तिच्याकडं जायचे, अभिमान गिळून. शनिवारी मी साडेबाराला कॉलेजच्या खिडकीपुढं होते. क्लार्क म्हणाला, यादी सोमवारी लागली, शेवटच्या क्षणी कशाला येता. मी म्हणाले, देवाचा विस्तव पेटत नव्हता. त्यानं चष्म्यावरून एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

आबांना ते बरोबर होते हे मी सांगितलं नव्हतं. खूप वर्षांनी, ते अंथरुणाला खिळल्यावर, मला राहवेना. जवळ बसून मी म्हणाले, आबा, ठिणगी पोलादाचीच असती, तुमचंच खरं हुतं. ते घाबरून दाराकडं बघायला लागले. "हळू बोल," म्हणाले, "आक्का ऐकंल." आक्का तेव्हा खरंच बाहेर सोप्यात बसलेली होती, ऐंशी उलटून गेलेली, भावाला बघायला आलेली.

आता तिघांतलं कुणी नाही. पोलाद माझ्या भावानं घर बांधताना कुठल्या तरी पेटीत हरवलं, दगड तात्यांच्या नातवांकडं आहे आणि त्याला पुन्हा शेंदूर चढलाय. नळी माझ्याकडं आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं जळोचीला काढली तेव्हा आक्कानं मला कापूस करायला शिकवलं होतं, चिंधी किती जळू द्यायची आणि झाकण नेमकं कधी दाबायचं. वर्गात मी मुलांना विचारायची, ठिणगी कशाची असते. मुलं म्हणायची, लोखंडाची. मी पूर्ण मार्क द्यायची. आणि दर वर्षी उन्हाळ्यात, लायटरनं पेटणाऱ्या गॅसपाशी उभी राहून, मी जुन्या सुती कापडाची चिंधी जाळते, नळीत भरते आणि झाकण दाबते. सून विचारते, आई, दगड नाही, पोलाद नाही, हे कशासाठी. मी म्हणते, आलं कुणी कधी, तर आपला कापूस ओला निघायला नको.